हाडाला जमीन सापडू नये

परळला हॉस्पिटलांच्या मागच्या गल्लीत एक चिंचोळं दुकान होतं. आजारी माणसासाठी गादी न्यायला कोणी तिथे आलं, की मामा पहिला प्रश्न विचारायचे, "खोलीत दक्षिण कुठे येते?"

माणसं बावचळायची. एक गृहस्थ तर आपण भलतीकडे आलो की काय म्हणून बाहेर जाऊन पाटी वाचून आले होते. पाटीवर कोणाचं नाव नव्हतं. 'पेशंटचे साहित्य भाड्याने मिळेल' एवढंच लाल रंगात लिहिलेलं होतं.

"वास्तुशास्त्र बघता की काय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मी गादी बघतो. दक्षिण कुठे आणि प्लग कुठे, दोन्ही सांगा. मग बोलू."

हा प्रश्न मामा आधी विचारत नसत. आमच्या घरात एक गोष्ट घडली, त्यानंतर त्यांनी तो सुरू केला. ती गोष्ट मी सांगणार आहे, पण सगळं क्रमाने सांगता येईल असं वाटत नाही. मला मामा आठवतात ते तुकड्यातुकड्यांनी, आणि बहुतेक वेळा कुठेतरी बसताना. बस स्टॉपवरचा बाक असो की कॉलेजातली खुर्ची, मी आधी तळहात ठेवून दाबून बघतो. ही सवय त्यांची. माझ्याकडे राहून गेली.

ते काही माझे सख्खे मामा नव्हते. हॉस्पिटलात वॉर्डबॉयला सगळेच मामा म्हणतात आणि आयाबाईंना मावशी. त्यांनी तीसेक वर्षं वॉर्डबॉयचं काम केलं होतं. नोकरी संपली, पण हाक तशीच राहिली. उंच, हडकुळे, पांढरा हाफ शर्ट बाहेर सोडलेला, पायात रबरी चपला, आणि उजवा गुडघा अधू. वरळीच्या चाळीतून रोज यायचे. दुकानात कमोड खुर्च्या, वॉकर, सलाइनचे स्टँड असं सगळं होतं, पण त्यांचा जीव गाद्यांत. गुंडाळलेल्या गाद्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या. वरच्या फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्यापुढे रोज एक ताजं फूल.

त्यांचा उजवा तळहात कधी स्वस्थ नसायचा. जे दिसेल ते दाबून बघायचा. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी होती, तिथल्या लाकडी बाकावर हात ठेवून ते एकदा म्हणाले, "या बाकावर माणूस पंधरा मिनिटं बसला तर त्याच्या ढुंगणाला आग लागेल."

चहावाला म्हणाला, "म्हणून तर ठेवलाय मामा. चहा प्यायचा आणि फुटायचं."

मामांचं एक वाक्य होतं. दिवसातून चारदा तरी म्हणायचे. "हाडाला जमीन सापडता कामा नये." त्यांचं म्हणणं असं, की माणूस आडवा झाला की त्याचं प्रत्येक हाड खाली जमीन शोधत असतं. टाच शोधते, कोपर शोधतं, माकडहाड तर सगळ्यात हट्टी. मधे असते फक्त चामडी. आपण झोपेत सारखे हलतो, म्हणून ती वाचते. ज्याला हलता येत नाही त्याची चामडी तिथेच चेपून मरते. "गादी म्हणजे काय? हाडाला फसवायचं साधन. बाकी सगळं कव्हर."

मी त्यांच्याकडे गेलो तो बाबांसाठी.

बाबा एका टॉवरमध्ये लिफ्ट चालवायचे. आता जिथे टॉवर आहे तिथल्या गिरणीत आमचे आजोबा होते. बाबांच्या मणक्याला टीबी झाला, ऑपरेशन झालं, आणि कमरेखाली त्यांना काही कळेनासं झालं. दोन महिने ते वॉर्डात होते. पडून पडून माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम झाली. डॉक्टरबाईंनी सांगितलं, "घरी न्या, पण गादी नीट बघून घ्या. जखम भरायला लागली तर उत्तम. वाढली, तर परत दाखल करून ऑपरेशन करावं लागेल."

त्या दिवशी भेटायच्या वेळेत बाबांनी माझं मनगट धरलं. आमच्या घरात माणसं एकमेकांना फारशी हात लावत नाहीत. ते म्हणाले, "बाबू, एकदा घराक नेलंस की माका परत हय आणू नको."

बाबांनी माझ्याकडे त्याआधी कधी काही मागितलं नव्हतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे जे काही कागदावर किंवा मोबाइलवर असतं, ते माझं काम. गादी मी निवडायची हेही आपोआप ठरलं. मी तीन दिवस मोबाइलवर वाचून फुलस्केपवर तक्ता केला. पाण्याची गादी, हवेची गादी, फोमची गादी, फायदे, तोटे. पट्टीने रेघा मारल्या होत्या. तो कागद घेऊन दादरच्या कॉलेजातून थेट परळला गेलो.

मामांनी कागद दोन्ही हातांत धरून सगळा वाचला. "अक्षर छान आहे," ते म्हणाले. मग तो पालथा घालून कोऱ्या बाजूला त्यांनी एका माणसाची पाठमोरी आकृती काढली. "जखम कुठे? केवढी? काढ."

मी रुपयाएवढं वर्तुळ काढलं.

"आता तुला काय पाहिजे?"

"पाण्याची गादी. बाबांच्या बाजूच्या बेडवाल्यांनी सांगितलंय."

"राहता कुठे?"

"लालबागला. चाळीत. दुसरा मजला."

"जमीन लादीची की लाकडी?"

"लाकडी."

"पाणी किती वेळ?"

"सकाळी एक तास."

"त्या तासात आई पिंप भरणार की गादी? आणि तेवढं वजन त्या लाकडावर ठेवलंस तर खालच्या मजल्यावरचे लोक काय म्हणतील?" मग ते पुढचे प्रश्न विचारत गेले. जिन्याला वळणं किती? प्लग कुठे? आजाराच्या आधी वडील कोणत्या कुशीवर झोपायचे? आणि पडल्या पडल्या त्यांना समोर काय दिसणार? या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत. बाबा कोणत्या कुशीवर झोपतात हे वीस वर्षं एका खोलीत राहून मी पाहिलं नव्हतं.

मामांनी एक खाट ओढून पुढे घेतली आणि तिच्यावर साधी फोमची गादी टाकली. "झोप."

"मी?"

"मग मी झोपू? उताणा झोप. फोन इथे ठेव. हात सरळ. आता हलायचं नाही. खाज आली तरी नाही."

दुकान रस्त्यालगत, उघडं. येणारे-जाणारे बघत होते. समोरच्या झेरॉक्सवाल्या ताई ओरडल्या, "मामा, परत गिऱ्हाईक आडवं केलंत?"

"कॉलेजचा आहे. त्याला प्रॅक्टिकल देतोय."

मला आधी हसू आलं. मग टाचा जाणवायला लागल्या. मग माकडहाड. मग असं वाटलं की माझ्या शरीरात त्या एका हाडाशिवाय दुसरं काही नाही. मी जरासा सरकलो.

मामांनी घड्याळ पाहिलं. "सात मिनिटं. तुझं वय वीस, आणि खाली चांगली गादी. आता वडिलांचा विचार कर. त्यांना तर दुखतसुद्धा नाही."

मी उठून बसलो. दोन महिने मी रोज बाबांना भेटत होतो, जेवलात का, औषध घेतलंत का, विचारत होतो. त्यांच्या पाठीखाली काय चाललंय हे मला त्या सात मिनिटांत समजलं.

मामांनी हवेची गादी दिली. तिच्यात आडव्या नळ्या असतात आणि छोटा पंप असतो. एक नळी फुगते तेव्हा शेजारची बसते, थोड्या वेळाने उलट. म्हणजे माणूस हलला नाही तरी त्याच्याखालची गादी हलत राहते. पंप पायाकडच्या कठड्याला अडकवायचा, वर एकच चादर घालायची, आणि गादी आहे म्हणून दोन तासांनी कूस बदलणं सोडायचं नाही. हे त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं. शिवाय दर शनिवारी येऊन पाठ कशी आहे ते सांगायचं.

बाबा कसे आहेत, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. आल्या आल्या एकच शब्द, "पाठ?" मी एकदा म्हटलं, "मामा, बाबांना ताप आहे." तर म्हणाले, "ताप डॉक्टरचा. माझ्याकडे पाठ."

शनिवारी दुकानात बसून मी बरंच पाहिलं. एकदा नवीन टॉवरमधलं एक जोडपं आलं. नवऱ्याने मोबाइलवर फोटो दाखवला. "मेमरी फोम. इम्पोर्टेड. आईसाठी हीच हवीय."

"चांगली असते," मामा म्हणाले. "पण दोन तास झाले, आईची कूस बदला, याची आठवण ती करून देईल का?"

"त्यासाठी बाई ठेवलीय आम्ही."

"मग बाईंना घेऊन या. गादी त्यांना पसंत पडली पाहिजे. काम त्यांचं आहे."

नवऱ्याचा चेहरा उतरला, पण बायको हसली. दुसऱ्या दिवशी ती दोघं खरंच त्या बाईंना घेऊन आली. मामांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि त्या दोघांना उभं ठेवून बाईंशी अर्धा तास बोलले. असं मला पुढच्या शनिवारी झेरॉक्सवाल्या ताईंनी सांगितलं.

आता ती आमची गोष्ट.

आमच्या खोलीत दोन प्लग. एक ओट्याजवळ, फ्रिजचा. दुसरा समोरच्या भिंतीला, टीव्हीचा. गादी लावायला आलेल्या माणसाने पंप टीव्हीच्या प्लगला जोडला, म्हणजे पायाची बाजू त्या भिंतीकडे आली. सगळं बरोबर होतं. बाबांना खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं, आणि त्यांना गादीवर ठेवणार तेवढ्यात आई दारातूनच ओरडली, "थांबा! ती दक्षिण आसा. जित्या माणसाक दक्षिणेक पाय करून कोण निजवता?"

शेजारच्या काकूंनीही मान हलवली. दक्षिणेला पाय मेलेल्या माणसाचे करतात. मी म्हटलं, "आई, असं काही नसतं." कोणी ऐकलं नाही. चौघांच्या हातात माणूस तोललेला, वाद घालायला वेळही नव्हता. बाबांना फिरवून उलटं ठेवलं. गादी तशीच राहिली. जिथे पाय यायचे तिथे बाबांचं डोकं आलं, आणि पंप त्यांच्या कानाशी.

तो पंप फार मोठा आवाज करत नाही. पण कानाशी असला की सतत घरघरतो. बाबांना झोप लागेना. आठवडाभर त्यांनी डोळे मिटले नाहीत असं आई म्हणते. मग तिने एक उपाय काढला. दुपारी जेवणं झाली की ती पंप बंद करायची. तासभर म्हणता म्हणता तीन तास व्हायचे. बाबा झोपायचे, आई शेजारी बसून राहायची. त्या तीन तासांत गादीतली हवा बसायची आणि बाबा नुसत्या खाटेच्या फळीवर असायचे.

मला हे दुसऱ्या आठवड्यात कळलं. एक दिवस कॉलेजातून लवकर आलो तर खोलीत आवाज नव्हता. मी पंपाकडे पाहिलं, आईने तोंडावर बोट ठेवलं. बाबा घोरत होते. कितीतरी दिवसांनी मी त्यांना घोरताना ऐकलं. मी पंप चालू केला नाही.

ते माझं चुकलं. आईला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी सात मिनिटं त्या खाटेवर झोपून आलो होतो.

जखम वाढत गेली. आधी लिंबाएवढी झाली, मग वाटीच्या बुडाएवढी. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "आणखी एक आठवडा बघू. नाहीतर न्यावं लागेल." बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आणि शनिवारी मामांनी "पाठ?" म्हणून विचारलं की मी सांगायचो, "ठीक आहे." दोनदा असं सांगितलं. त्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं होतं. त्यांना वाटेल हा शिकलेला, आणि याला एवढंही जमलं नाही, अशी लाज वाटायची. तिसऱ्या शनिवारी मामा माझ्याकडे बघत राहिले. मग खणातून माझाच तो फुलस्केप काढला आणि पेन पुढे केलं. "ठीक म्हणजे केवढी? काढ."

पहिल्या दिवशीच्या वर्तुळाभोवती मी दुसरं वर्तुळ काढलं. ते इतकं मोठं होतं की आकृतीच्या कमरेबाहेर जायला लागलं.

मामांनी शटर ओढलं. भर दुपारी.

"मामा, आज हाफ डे?" झेरॉक्सवाल्या ताईंनी विचारलं. ते तोवर गल्लीबाहेर पोचले होते. परळहून लालबागपर्यंत ते चालत आले, अधू गुडघ्याने, माझ्या पुढे.

आम्ही पोचलो तेव्हा पंप बंदच होता. बाबा झोपले होते. मामांनी आवाज न करता गादीखाली हात सरकवला, तळवा वर करून. बाबांच्या कमरेखाली पोचल्यावर ते थांबले. मग मला म्हणाले, "तू घाल हात."

मी घातला. माझ्या बोटांना बाबांचं हाड लागलं. मधे गादी नव्हतीच, नुसते रबराचे दोन थर.

"पंप कोण बंद करतं?"

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. "मी," ती म्हणाली. "त्यांका झोप लागत नाय हो त्या आवाजात."

"मग डोकं त्या बाजूला का नाही केलंत?"

आई हळूच म्हणाली, "पाय दक्षिणेक जातले."

मी घाईने म्हटलं, "मामा, मी सांगितलं होतं आईला. असलं काही नसतं म्हणून—"

"तू गप रे." मामा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "तू सांगितलंस, तिने ऐकलं नाही. मग पुढे काय केलंस? पुस्तकातलं सांगून मोकळा झालास?" मग ते आईकडे वळले. "वहिनी, चूक माझी आहे. मी प्लग विचारला, दक्षिण विचारली नाही."

आईने डोळे पुसले. "तुम्ही मानता दिशा?"

"आम्ही नाही मानत. पण झोपायचं तुमच्या माणसाला आहे, तुमच्या खोलीत."

मग त्यांनी भिंतीवर वितीने मोजायला सुरुवात केली. टीव्हीच्या प्लगपासून वर, दाराच्या चौकटीवरून, पलीकडच्या भिंतीपर्यंत. मला खालच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायर, क्लिपा आणि बोर्ड आणायला पाठवलं. स्टुलावर ते स्वतः चढले. मी स्टूल धरलं आणि आईने मला धरलं. बाबा जागे होऊन हे सगळं बघत होते. "अहो, पडशात," ते मामांना म्हणाले.

"पडलो तर गादी आहे माझ्याकडे," मामा वरून म्हणाले.

बाबा हसले. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा.

मग शेजाऱ्यांना बोलावून बाबांना उचललं, गादी फिरवली. डोकं दक्षिणेलाच राहिलं, पाय उत्तरेलाच, पण पंप आता पायाशी आला. टीव्ही डोक्यामागेच राहिला. त्याऐवजी बाबांना समोर ओटा दिसायचा, आणि ओट्याशी आई. जाताना मामांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टांगलं: डावी, उताणी, उजवी, आणि पुढे वेळा. दर दोन तासांनी. आईला घड्याळ कळतं, वाचायला फारसं येत नाही, म्हणून शब्दांशेजारी चित्रंही काढली.

जखम भरायला चार महिने लागले. पहिला महिना तर काहीच दिसलं नाही, पण वाढायची थांबली. बाबांना परत न्यावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी बाबा गेले. छातीत कफ झाला आणि तीन दिवसांत संपलं. घरीच गेले. मी गादी परत करायला गेलो तेव्हा मामांनी विचारलं, "पाठ?"

मी म्हटलं, "कोरी होती."

मामांनी मान हलवली आणि गादी पुसायला घेतली. आम्ही ती धुऊन, पुसून नेली होती. तरी ते बराच वेळ पुसत राहिले.

त्यानंतर त्या दुकानात जायला मला कारण उरलं नाही. ज्याच्या घरी कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं तोच तिथे जातो. तरी मी दोनदा गेलो. मामा म्हणाले, "घरी कोण पडलंय आता?" मी म्हटलं, "कोणी नाही." "मग इथे कशाला? अभ्यास कर." असं म्हणून त्यांनी चहा मागवला आणि मला तासभर बसवून ठेवलं. शनिवार आला की अजून माझे पाय तिकडे वळायला बघतात. मी घरी बाबांना जे कधी सांगू शकलो नाही ते मामांना सांगायचो, असंही नाही. आम्ही पाठीबद्दलच बोलायचो. पण आठवड्यातून एकदा कोणीतरी मला बाबांबद्दल नेमकं, बारीक विचारत होतं, आणि ते दोन शनिवार सोडले तर मी नेमकं उत्तर देत होतो. तसं आता कोणी विचारत नाही.

परीक्षा संपवून तिसऱ्यांदा गेलो तर गल्लीच्या त्या बाजूला पत्रे ठोकलेले. इमारत पाडायला घेतली होती. झेरॉक्सचं दुकानही नव्हतं. माझ्या फोनमध्ये 'गादीवाले मामा' आहेत, पण तो नंबर लागत नाही. एका रविवारी मी वरळीला जाऊन चाळींमध्ये विचारलं. तिथेही अर्ध्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. एक आजोबा म्हणाले, "सांग की, नाव काय त्यांचं?" एवढे शनिवार गेलो, पण नाव विचारायचं कधी सुचलंच नाही.

मला परत एका दिवसात जाता आलं तर मी एका दुपारी जाईन.

सिस्टरनी सकाळी ड्रेसिंग सोडलं आणि म्हणाल्या, "आता पट्टी नको. भरली." मी धावतच परळला गेलो. मामा म्हणाले, "मला दाखव." शटर ओढलं, आणि आतून एक गुंडाळलेली गादी काखेत मारली. मी म्हटलं, "मामा, आता कशाला?" ते चालायला लागले. मी घेतो म्हटलं तर दिलीही नाही.

घरी आल्यावर त्यांनी बाबांना विचारलं, "बघू का?"

बाबा लाजाळू माणूस. आई, सिस्टर आणि मी सोडून त्यांनी पाठ कोणाला दाखवली नव्हती. पण ते म्हणाले, "बघा की. तुमचीच कामगिरी."

आम्ही त्यांना कुशीवर वळवलं. गॅलरीतून ऊन येत होतं. माकडहाडापाशी गुलाबी, चकचकीत, थोडी आत ओढलेली चामडी होती. मामा वाकून बघत राहिले. मग तळहाताची मागची बाजू त्या जागेवर अलगद टेकवली, ऊब बघतात तशी. "माझी नाही," ते म्हणाले. "वहिनी चार महिने दर दोन तासांनी उठल्यात."

आम्ही बाबांना परत उताणं केलं. आई चहा ठेवत होती. मामांनी तिला विचारलं, "वहिनी, तुम्ही कुठे झोपता?"

आईला प्रश्नच कळला नाही. "हय, खालीच."

"कशावर?"

तिने खाटेखालची एक घडी घातलेली चादर दाखवली. मी ती चादर रोज बघत होतो.

मामांनी काखेतली गादी खाटेच्या शेजारी जमिनीवर सोडली. साधी कापसाची होती, नवीन, निळ्या पट्ट्यांची. त्यांनी ती तळहाताने सगळीकडे दाबून बघितली. "ही तुमची. परत करायची नाही. जरा झोपून बघा, बरी आहे का."

"अहो काहीतरीच काय! चहा ठेवलंय. आणि पुरुष माणसांसमोर—"

"चहा हा बघेल. मी भिंतीकडे तोंड करून बसतो. वीस मिनिटं."

बाबा खाटेवरून म्हणाले, "निज गो जरा. मामा ऐकूचे नाय."

आई पदर सारखा करून, अवघडून, कडेला आडवी झाली. मामा खरंच भिंतीकडे तोंड करून बसले. मी ओट्याशी गेलो. चहा उकळून कपात ओतेपर्यंत आईचा श्वास बदलला होता. तिचं तोंड किंचित उघडं पडलं होतं. मामांनी मागे न बघता हाताने मला थांबवलं, कप घेतला, उभ्या उभ्या दोन घोट प्यायले, आणि चपला हातात घेऊन बाहेर गेले. गॅलरीच्या टोकाला जाऊन त्यांनी त्या पायात घातल्या. जिन्यावर एका पायरीवर दोन पाय ठेवत ते उतरत गेले.

आई उठलीच नाही. चार वाजले. पाणी तापवायची वेळ गेली, शेजारच्या काकू दारातून डोकावून गेल्या. पाच वाजता बाबांची कूस बदलायची होती. ते काम नेहमी आम्ही दोघं करायचो, मी आणि आई. मी तिला उठवायला वाकलो.

"उठव नको," बाबा पुटपुटले. "तुझी आवस निजली हा."

मग मी एकट्यानेच एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. बाबांनी कठडा घट्ट धरला. पुठ्ठ्यावर उजवी कूस लिहिली होती, म्हणजे भिंतीकडची.

बाबा म्हणाले, "थंय नको. माका तिच्याकडे वळव."